नक्कल ते उमज : गाणाऱ्याच्या अभिव्यक्तीची वाट

चित्रकाराला मनासारखे न उतरलेले चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवता येते. लेखकाला लिहिलेला परिच्छेद खोडता येतो. गायकाला, नटाला किंवा नर्तकाला ही सवलत नाही. गळ्यातून निघालेला स्वर त्याच क्षणी ऐकणाऱ्यांचा होतो. साधला तर साधला, हुकला तर हुकला. शिवाय त्याचे साधन त्याच्या देहापासून वेगळे काढून पेटीत ठेवता येत नाही. घसा बसलेला असो, रात्रभर झोप लागलेली नसो, घरात काही दुःखद घडलेले असो, ठरलेल्या वेळी त्याच गळ्याने आणि त्याच देहाने रंगमंचावर जाऊन बसावे लागते. सादरीकरणाच्या कलांमधला आनंद आणि त्यांतली झुंज या दोहोंचे मूळ या एकाच गोष्टीत आहे.

हिंदुस्थानी ख्यालगायनात ही कसोटी आणखी कठीण होते. ख्यालाची बंदिश म्हणजे स्थायी आणि अंतरा मिळून अवघ्या काही ओळी. रागाचे नियम ठरलेले, तालाचे आवर्तन ठरलेले. मात्र त्या ओळींच्या आधाराने पुढचा अर्धा-पाऊण तास जे गायचे, ते आलाप, बोल आणि ताना गायकाने तिथेच, श्रोत्यांच्या समोर निर्माण करायचे असतात. यालाच ‘उपज’ म्हणतात. म्हणजे ख्यालगायक हा एकाच वेळी रचनाकारही असतो आणि सादरकर्ताही. साहजिकच एक प्रश्न उभा राहतो. राग परंपरेचा, बंदिश कुणा पूर्वसूरीची, तालीम गुरूची, गायकीचा साचा घराण्याचा. मग यात गाणाऱ्याचे स्वतःचे काय?

या प्रश्नाचा विचार करताना पं. कुमार गंधर्व यांच्या आयुष्याकडे पुन्हा पुन्हा वळावे लागते. त्यांची जन्मशताब्दी २०२३-२४ मध्ये साजरी झाली. त्या निमित्ताने त्यांच्या प्रतिभेविषयी पुष्कळ बोलले गेले. परंतु अलौकिक प्रतिभा या एका शब्दाने त्यांचे गाणे समजावून घेता येत नाही. त्यांचा प्रवास हा दुसऱ्याचे गाणे हुबेहूब म्हणण्यापासून ते स्वतःला उमजलेले गाणे गाण्यापर्यंतचा आहे, आणि तो सरळ रेषेत झालेला नाही.

आयते हाती आलेले यश

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी या गावी एका कानडी कुटुंबात झाला. रीतसर तालीम मिळण्याआधीच, अगदी लहान वयात, हा मुलगा त्या काळच्या नामवंत गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून जशाच्या तशा गाऊ लागला. हरकत, मुरकी, तान यांत कुठेही फरक पडत नसे. गावोगावी त्याचे जलसे होऊ लागले आणि ‘कुमार गंधर्व’ ही उपाधी त्याला बालवयातच एका मठाच्या स्वामींकडून मिळाली. १९३० च्या दशकाच्या मध्यास मुंबईच्या जीना हॉलमधील संगीत परिषदेत त्याचे गाणे झाले, तेव्हा जाणत्या गायक-वादकांनीही तोंडात बोटे घातली.

त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. मैफलीत तासभर फुलणारा राग त्या अवधीत बसवण्यासाठी गायकाला आपल्या गाण्याचा अर्क काढावा लागे. तो अर्क कानांनी टिपणारा आणि गळ्याने परत करणारा मुलगा विलक्षण खराच. परंतु त्याच्या हाती येत होते ते दुसऱ्या कुणाच्या विचारांचे अंतिम फलित. हा गायक याच स्वरावर का थांबला, पुढे जाण्याऐवजी मागे का वळला, याची उत्तरे तबकडीत नसतात. नकलेला कान आणि गळा पुरतो. उमजण्यासाठी ‘का’ हा प्रश्न पडावा लागतो आणि टाळ्यांच्या कडकडाटात वाढणाऱ्या मुलाला तो पडण्याची शक्यता फार थोडी असते. बालकलाकारांपैकी अनेकांचे तेज पुढे मावळते, त्याचे एक कारण हे आहे. आवाज फुटतो, वय वाढते, कौतुकाचे निमित्त संपते आणि हाती फक्त इतरांची गाणी उरतात.

कुमारांना या धोक्यातून वाचवले ते प्रा. बी. आर. देवधर यांच्या शिकवणीने. मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ देवधरांची संगीतशाळा होती. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे हे शिष्य. परंतु त्यांची वृत्ती एका घराण्यापुरती बांधलेली नव्हती. निरनिराळ्या घराण्यांच्या उस्तादांकडून त्यांनी बंदिशी मिळवल्या होत्या आणि आवाजाच्या शास्त्राचा अभ्यास करताना पाश्चात्त्य पद्धतीही तपासल्या होत्या. अनेक थोर गायकांचे त्यांच्याकडे येणे-जाणे असे. एकच राग पाच जण पाच प्रकारे मांडतात आणि पाचही बरोबर असतात, हे अशा वातावरणात वाढणाऱ्या मुलाच्या कानांवर सतत पडत होते. अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनही कुमारांना मार्गदर्शन लाभले. दुसऱ्याचे गाणे उचलणारा गळा आता त्या गाण्याची घडण न्याहाळू लागला होता.

मौनाची वर्षे

१९४७ मध्ये कुमारांचा विवाह देवधरांच्याच शिष्या भानुमती कंस यांच्याशी झाला. संसार सुरू होतो न होतो तोच क्षयाने त्यांना गाठले. माळव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून हे दांपत्य देवासला आले, तो दिवस होता ३० जानेवारी १९४८, महात्मा गांधींच्या हत्येचा.

त्या काळी क्षय म्हणजे काय, याची कल्पना आजच्या वाचकाला सहजी यायची नाही. या रोगावरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडले होते. पण १९४० च्या दशकाच्या अखेरीस भारतात ते दुर्मीळ आणि महाग होते. मोकळी हवा, सकस आहार आणि सक्तीची विश्रांती हाच सर्वसामान्य उपचार. कुमारांचे एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. गाणे तर दूरच, मोठ्याने बोलण्यालाही बंदी आली. पंचविशीच्या आतला, देशभर नाव झालेला गायक सुमारे पाच वर्षे अंथरुणाला खिळून होता. पुन्हा गाता येईल याची कुणीही खात्री देत नव्हते.

या काळातला भानुमतींचा वाटा अनेकदा एका वाक्यात उरकला जातो. त्यांनी देवासला शिक्षिकेची नोकरी धरली, घर चालवले, औषधपाण्याचे पाहिले, शुश्रूषा केली. त्या स्वतः गायिका होत्या. कलावंताच्या अभिव्यक्तीची किंमत पुष्कळदा त्याच्या शेजारचे माणूस मोजत असते आणि त्या माणसाच्या वाट्याला टाळ्या येत नाहीत. हा या कहाणीतला आनुषंगिक तपशील नव्हे. त्याच्यावाचून पुढचे काहीच घडले नसते.

गाता न येणारा गायक काय करू शकतो? ऐकू शकतो. देवास हे मराठी पवारांचे संस्थान. टेकडीच्या पायथ्याशी वसलेले, माळव्याच्या खेड्यांनी वेढलेले. लग्नकार्यात, सणावारी बायका माळवी गीते गात. नाथपंथी जोगी निर्गुणी पदे गात फिरत. मुंबईच्या मैफलींत कधी न पोहोचलेले हे गाणे अंथरुणावरच्या कुमारांच्या कानांवर पडू लागले. त्यातल्या धुना बहुधा चार-पाच स्वरांच्या. ना तानांचा सोस, ना शिकवलेला आवाज. तरीही ते गाणे पुरे होते. त्यात काही कमी आहे असे वाटत नसे.

यातून कुमारांच्या विचाराला जी दिशा मिळाली ती त्यांच्या पुढच्या सगळ्या गाण्याच्या तळाशी आहे. राग आधी ग्रंथांत जन्माला येऊन मग लोकांपर्यंत उतरले नाहीत. लोकांच्या धुनांतून ते वर आले, घडले, नियमबद्ध झाले. तसे असेल तर आजही एखाद्या धुनेत न उमललेला राग दडलेला असू शकतो. माळवी धुनांतून असे राग त्यांनी पुढे आणले आणि त्यांना ‘धुनउगम राग’ म्हटले. मालवती, संजारी, लगनगंधार ही त्यांतली काही नावे. आपण राग ‘तयार’ केले यापेक्षा ते धुनेत ‘आढळले’ असे मानण्यात त्यांची नम्रता होती, तसाच एक ठाम विचारही होता. स्वतःला व्यक्त करणे म्हणजे केवळ आतले बाहेर ओतणे, अशी एक समजूत असते. इथे गायकाला स्वतःचे गाणे सापडले ते दुसऱ्यांकडे कान लावल्यावर.

श्वासाचे गणित

१९५३ मध्ये अलाहाबादच्या मैफलीतून कुमार गंधर्व पुन्हा लोकांसमोर आले. आवाज परतला होता. मात्र गाणे पूर्वीचे राहिले नव्हते, राहणे शक्यही नव्हते.

गायन हा मुळात उच्छ्वासाचा व्यवहार आहे. फुप्फुसांत भरून घेतलेली हवा किती जपून, किती सारख्या दाबाने सोडता येते यावर स्वराची लांबी आणि स्थैर्य ठरते. ‘दमसास’ हा शब्द गवय्यांच्या बोलण्यात वारंवार येतो तो यामुळेच. किराणा घराण्याचा लांबवर स्थिर राहणारा स्वर, जयपूर घराण्याची एका दमात अनेक वळणे घेत समेवर येणारी तान, ही वैशिष्ट्ये भरपूर दमसास गृहीत धरतात. एका फुप्फुसाच्या बळावर गाणाऱ्यापुढे दोनच मार्ग उरतात. एक, जुनेच गाणे तोकड्या श्वासात बसवण्याचा प्रयत्न करावा आणि दर मैफलीत आपल्याच तरुणपणाची फिकट नक्कल सादर करावी. दुसरा, जेवढा श्वास तेवढे वाक्य, हे मान्य करून वाक्याचीच घडण बदलावी.

कुमारांनी दुसरा मार्ग धरला. त्यांच्या गाण्यात छोटे, टोकदार स्वरसमूह येतात. एखादी तान विजेसारखी चमकून जाते आणि गायक थांबतो. पूर्ण ताकदीने फेकलेल्या स्वरामागून कुजबुजीएवढा हळुवार स्वर येतो. मधल्या थांब्यात तानपुरे ऐकू येतात. तानपुऱ्यांच्या जुळणीबाबत ते अतिशय काटेकोर असत, याचे मर्म इथे लक्षात येते. गायक सतत गात असेल तर तानपुरा पार्श्वभूमीला राहतो. गायक थांबणार असेल तर ती शांतता तानपुऱ्यानेच तोलून धरायची असते. श्वास घेण्यासाठी लागणारी सक्तीची जागा अशा रीतीने गाण्यातली अर्थपूर्ण जागा झाली.

मात्र ‘आजाराने त्यांना गायकी दिली’ हे सोपे समीकरण मांडण्याचा मोह टाळायला हवा. क्षयाने त्या काळी असंख्य माणसे नेली, कित्येक गळे कायमचे बंद केले. आजार कुणाला कला देत नाही. रूढ मांडणीविषयीची कुमारांची अस्वस्थता आणि जिज्ञासा आजाराच्या आधीची, देवधरांच्या शाळेत रुजलेली होती. आजाराने एवढेच केले की, जुन्या सवयीने गाण्याची सोय काढून घेतली. पुढे गंमत अशी झाली की, दोन्ही फुप्फुसे धडधाकट असलेल्या अनेक गायकांच्या गाण्यात ही तुटक फेक आणि हे थांबे ऐकू येऊ लागले. ज्याने नकलेपासून दूर जाण्यासाठी एवढे सोसले, त्याचीच नक्कल होऊ लागली. शैली उचलता येते. तिच्यामागची गरज उचलता येत नाही.

दुसरी बाजू

कुमारांच्या या गाण्याचे सर्वत्र स्वागत झाले असे नाही. ख्यालाच्या श्रोत्याला क्रमाने होणाऱ्या बढतीची सवय असते. एकेक स्वर घेत राग उलगडावा, लय हळूहळू वाढावी, शेवटी तानांचा वर्षाव व्हावा, ही अपेक्षा चुकीची नाही. ती पिढ्यान् पिढ्यांच्या मैफलींनी घडवलेली आहे. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथात निरनिराळ्या घराण्यांची मांडणी स्वर आणि लय यांच्या प्रमाणावरून केली, तेव्हा या शिस्तीमागचे सौंदर्यशास्त्रही मराठी वाचकांसमोर आले. अशा पार्श्वभूमीवर कुमारांचे गाणे काहींना तुटक वाटले, रागाचा पुरेसा विस्तार न करणारे वाटले, घराणे सोडून गेलेले वाटले. दुसरीकडे पु. ल. देशपांडे यांच्यासारखे रसिक त्या गाण्यावर जीव ओवाळून टाकत होते. हा वाद बरीच वर्षे चालला.

आक्षेप घेणाऱ्यांच्या म्हणण्यात एक तथ्य होते. नियम मोडणे म्हणजेच अभिव्यक्ती, असे मानणाऱ्या कलावंताच्या हाती बहुधा काहीच लागत नाही. व्याकरण ठाऊक नसताना केलेली मोडतोड ही नुसतीच चूक ठरते. कुमारांची गोष्ट वेगळी ठरली, कारण त्यांनी पारंपरिक रागांची आणि जुन्या बंदिशींची उपासना कधी सोडली नाही. १९६५ मध्ये मौज प्रकाशनाने प्रसिद्ध केलेल्या ‘अनूपरागविलास’ या त्यांच्या बंदिशींच्या संग्रहात प्रचलित रागांतल्या रचना धुनउगम रागांतल्या रचनांच्या शेजारी आहेत. बंदिश ही त्यांच्या लेखी रागाचा एक विशिष्ट चेहरा दाखवणारी रचना होती. तिच्या शब्दांचे वजन, तिची चाल, तिचा मुखडा यांतून त्या दिवशीचा राग कसा उलगडायचा हे ठरे. स्वातंत्र्य होते, पण ते बंदिशीच्या अंगणात.

‘मला उमजलेले’

साठच्या दशकापासून कुमारांनी सूत्रबद्ध कार्यक्रमांची मालिकाच सादर केली. ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’ आणि ‘गीतवसंत’ यांत ऋतूंची गाणी आली. माळव्याच्या लोकधुनांचा स्वतंत्र कार्यक्रम झाला. मध्य भारतात आयुष्य गेलेल्या भा. रा. तांब्यांची कविता ‘तांबे गीतरजनी’त आली. गांधीजींच्या जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, ‘गांधी मल्हार’ हा राग आला. नाथपंथी परंपरेतून उचललेली निर्गुणी भजने तर त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. त्या भजनांत शब्दाभोवती सोडलेली मोकळी जागा ही कुमारांच्या थांब्यांची सर्वांत परिपक्व अवस्था म्हणता येईल.

या सर्वांत एका कार्यक्रमाचे नाव विशेष लक्षात घेण्याजोगे आहे : ‘मला उमजलेले बालगंधर्व’. बालगंधर्वांची नाट्यपदे महाराष्ट्राच्या घराघरांत तोंडपाठ होती आणि हुबेहूब ‘नारायणरावांसारखे’ गाणाऱ्यांची वाण नव्हती. हुबेहूब गाणे कुमारांना तर लहानपणापासून हातचा मळ होता. त्यांनी ते केले नाही. शीर्षकातले पहिले दोन शब्द त्यांची भूमिका सांगून जातात. हे बालगंधर्व नव्हेत, बालगंधर्वांच्या गाण्यातले मला जे कळले ते आहे. तबकडी जशीच्या तशी म्हणणारा सुळेभावीचा मुलगा आणि हा गायक यांच्यामधले अंतर त्या दोन शब्दांत मोजता येते.

या वाटेवरही आयुष्याने सूट दिली नाही. १९६१ मध्ये धाकट्या मुलाच्या जन्मानंतर भानुमतींचे निधन झाले. पुढे वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी कुमारांचा विवाह झाला. वसुंधराताई मैफलींत त्यांच्या मागे बसून स्वरसाथ करीत. तोकड्या श्वासाच्या गायकाला अशी साथ किती मोलाची असते, हे सांगायला नको. मुकुल शिवपुत्र, कलापिनी कोमकली आणि नातू भुवनेश यांनी हे गाणे पुढे नेले, प्रत्येकाने आपापल्या स्वभावानुसार.

आनंद कुठे असतो?

एवढे सारे सोसून रंगमंचावर जाणाऱ्याला मिळते तरी काय? मानधन, सन्मान, पदव्या हे उत्तर अपुरे आहे. कुमारांना १९७७ मध्ये पद्मभूषण आणि १९९० मध्ये पद्मविभूषण मिळाले; पण मैफलीतला आनंद त्याहून वेगळा असतो. समोर शेकडो माणसे आहेत, तबलजीचे आवर्तन पुढे सरकते आहे आणि पुढच्या क्षणी काय येणार हे श्रोत्यांना तर नाहीच, गायकालाही पूर्णपणे ठाऊक नाही. अशा वेळी एखादी अनपेक्षित जागा सुचते, गळा ती पेलतो, नेमकी सम गाठली जाते आणि सगळ्या सभागृहातून एकदम ‘वा’ येते. सुचणे, साधणे आणि पोहोचणे एकाच क्षणी घडते. हुकण्याची भीती खरी असते म्हणून साधण्याचा आनंदही खरा असतो. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत दहा वेळा गाऊन निवडलेल्या दहाव्या आवृत्तीत हा आनंद येत नाही.

या आनंदात श्रोत्याचा हिस्सा असतो, तशीच जबाबदारीही असते. आज दूरचित्रवाणीच्या स्पर्धांत आठ-दहा वर्षांची मुले गाजलेली गाणी तंतोतंत गातात आणि त्यांची चित्रफीत काही तासांत लाखो लोकांच्या मोबाइलवर पोहोचते. यात त्या मुलांचा काही दोष नाही. कुमारांची सुरुवातही अशीच झाली होती. प्रश्न पुढचा आहे. गाजलेल्या मुलाला पुढची दहा वर्षे कुठल्याशा शाळेत बसून ‘का’ विचारण्याची मुभा त्याचे पालक, आयोजक आणि चाहते देतात का? आणि प्रौढ गायक मैफलीत काही नवे मांडू लागला की, ‘ते रेकॉर्डवरचे म्हणा’ अशी चिठ्ठी मंचावर पाठवणारे आपण त्याला पुन्हा नकलेकडेच ढकलत नाही का? अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीला सरावलेल्या कानांना थांबा म्हणजे बिघाड वाटू लागला आहे, ही तर आणखी नवी अडचण.

कुमार गंधर्व यांचे १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे निधन झाले. त्यांच्या मैफलींची ध्वनिमुद्रणे आज सहज ऐकायला मिळतात. ती ऐकताना ताना मोजण्यापेक्षा ते थांबतात कुठे याकडे लक्ष द्यावे. त्या जागी तानपुरे वाजत राहतात, श्वास भरला जातो आणि पुढचा स्वर येतो. आपल्या शहरातल्या एखाद्या नव्या, अजून चाचपडणाऱ्या गायकाच्या मैफलीतही असा थांबा येईल. त्या वेळी टाळ्यांची घाई न करता दोन क्षण वाट पाहिली, तर त्याला उमजलेले काही ऐकायला मिळण्याची शक्यता असते.